सुई, गोणी आणि कॉलर : आपल्या घरांतील शिवणकामाचा इतिहास

आपल्या पूर्वजांच्या आगमनाचा इतिहास सांगताना आपण जहाजे, करार, उसाचे मळे आणि मंदिरे यांच्याविषयी बोलतो. हेन्रिएट्टा येथे १८९६ साली झालेल्या पहिल्या गणेशोत्सवाचा उल्लेख आपल्या प्रत्येक समारंभात होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु त्या उत्सवाला आलेल्या माणसांच्या अंगावरचे कपडे कोणी शिवले होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर सोपे आहे. ते घरातल्या बायकांनी शिवले होते. दिवसभर मळ्यात राबून आल्यावर, चिमणीच्या उजेडात, हाताने टाके घालून शिवले होते. या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून या स्मरणिकेत त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

करारात लिहिलेले कपडे

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस जहाजातून करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली. ते लोक कलकत्त्याहून आले होते. आपले मराठी पूर्वज मुंबई बंदरातून आले, आणि त्यांतले बरेच जण रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतले होते. पुढे १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर आले. यांपैकी बहुतेकांनी १८४९ नंतर आज आप्रवासी घाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेपोतच पहिला मुक्काम केला.

सुरुवातीच्या करारांत महिना पाच रुपये पगार, तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा आणि वर्षातून एकदा कपडे असे ठरलेले असे. त्या कपड्यांत धोतर, कांबळे, बंडी आणि टोपी असत. ही यादी नीट वाचली की एक गोष्ट लक्षात येते. ती पुरुषाची यादी आहे. तिच्यात लुगडे नाही, चोळी नाही आणि तान्ह्या मुलाचे अंगडे तर नाहीच. मळ्याच्या मालकाला कामाचे दोन हात हवे होते. घर, बाई, मूल यांचे अंग कसे झाकायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे होते.

वर्षाला मिळणारे कापड उसाच्या पातीत किती दिवस टिकणार? उसाचे पान करवतीसारखे कापते. बाहीचा आणि धोतराच्या काठाचा निकाल आधी लागतो. कामावर एक दिवस न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची 'डबल कट'ची पद्धत त्या काळी होती, त्यामुळे नवे कापड विकत घेण्यापुरते पैसे हातात उरणे कठीण होते. फाटलेले सांधणे, ठिगळ लावणे, मोठ्याचे उसवून लहान्याचे करणे हे सगळे घरातल्या सुईवर येऊन पडले.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात मजुरांच्या नोंदी आणि १८६० च्या दशकापासूनची छायाचित्रे जपून ठेवलेली आहेत. आपल्यापैकी अनेकांनी तिथे जाऊन पणज्याचे किंवा खापरपणज्याचे नाव शोधले आहे. नोंदीत नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, मूळ गाव असे सारे असते. बाईच्या नोंदीतही तेच असते. तिच्या हातात काय कला होती, हे विचारायचे कारकुनाला कारणच नव्हते. पण छायाचित्रातली ती बाई काहीतरी नेसून उभी आहे. पुढच्या वेळी ती छायाचित्रे पाहाल, तेव्हा चेहऱ्याबरोबर गळा, बाही आणि पदर यांच्याकडेही पाहा.

चोळी, कुंची आणि गोधडी

कोकणातून आलेल्या बाईजवळ शिवणाचे जे ज्ञान होते ते तीन वस्तूंत सामावलेले होते.

पहिली वस्तू चोळी. जुनी चोळी पुढे गाठ मारून घालायची असे. तिला बटण नव्हते, हूक नव्हता आणि कॉलरही नव्हती. ती खणाच्या कापडाची असे. खण म्हणजे चोळीपुरते कापड, दोन्ही बाजूंना रंगीत काठ असलेले. काठ बाहीवर येईल अशा बेताने तो बेतायचा असे. ओटी भरताना नारळ-तांदळाबरोबर खण देतात, तो याच कारणाने. त्यात एका नव्या चोळीची सोय असते. आज आपल्याकडे ओटीत ब्लाउजपीस देतात, पण रीत तीच आहे.

दुसरी वस्तू तान्ह्या बाळाची कुंची. डोके, कान आणि मान एकदम झाकणारी ही टोपी मागे पाठीवर रुळते. चेहऱ्याभोवती तिला झालर लावतात. बाळाचे पहिले कपडे नव्या कोऱ्या कापडाचे करत नसत. अनेकदा धुऊन मऊ झालेले आजीचे किंवा आईचे लुगडे त्यासाठी फाडत. अंगड्याला बटणाऐवजी बंद लावत, म्हणजे बाळ वाढले तरी ते सैल करून घालता येते आणि बाळाला काही टोचत नाही. गरजेतून आलेले हे शहाणपण आहे. आणि घरातले शोभेचे पहिले शिवणही हेच असे, कारण झालर काही थंडी थांबवत नाही. ती केवळ बाळ देखणे दिसावे म्हणून लावलेली असते.

तिसरी वस्तू गोधडी. वाक्वा, हेन्रिएट्टा, ग्लेन पार्क हा उंचावरचा भाग. जून ते ऑगस्टमध्ये तिथे पाऊस आणि गारठा दोन्ही असतात. एका कांबळ्यात अख्खे घर कसे निजणार? जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने ओळी भरून गोधडी होई. आपल्या बेटावरच्या क्रिओल शेजारणीही चिंध्यांपासून 'तापी मांदियां' बनवत. दोन वेगळ्या देशांतून, वेगळ्या दुःखांतून आलेल्या बायकांनी चिंधी न टाकण्याचा एकच धडा गिरवला होता.

गोणीचा काळ

आपल्या मराठीतला 'गोणी' हा शब्द क्रिओल भाषेत 'गोनी' म्हणून आजही रोज वापरला जातो. तांदूळ तागाच्या पोत्यांतून येई. साखरेची पोती तर आलोएसच्या, म्हणजे घायपाताच्या जातीतल्या झाडाच्या धाग्यापासून इथेच तयार होत. रिकामे पोते घरात आले की ते कधीच फुकट जात नसे. उसाच्या मळ्यात बायका कमरेभोवती गोणी बांधत, म्हणजे पात कापत नाही आणि दवाने लुगडे भिजत नाही. चहाच्या मळ्यांतही हीच युक्ती चाले.

दुसऱ्या महायुद्धात जहाजे कमी झाली. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला आणि लोक मका व मान्योकवर जगू लागले. भाताची आठवण सगळे सांगतात. कापडाची आठवण मात्र म्हाताऱ्या बायकांनाच विचारावी लागते. पिठाच्या पांढऱ्या पोत्याचे कापड त्यातल्या त्यात मऊ. ते उसवायचे, सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरची छापील अक्षरे घालवायची, आणि मग त्यातून मुलांच्या चड्ड्या, परकर, झबली बेतायची. अक्षरे सगळी जात नसत. पाठीवर कारखान्याच्या नावाची दोन अक्षरे घेऊन हिंडणारी मुले त्या पिढीत कितीतरी होती. त्यात हसण्यासारखे काही नाही. उघडे मूल शाळेत जाऊ शकत नव्हते, चड्डी घातलेले जाऊ शकत होते.

मशीन आले

हाताच्या टाक्यांचा वेग ठरलेला असतो. एका साध्या झग्याला दोन-तीन रात्री जात. पायाने किंवा हाताने चालवायच्या मशीनने तेच काम एका संध्याकाळी होऊ लागले. सिंगर कंपनीने एकोणिसाव्या शतकातच हप्त्यावर मशीन विकण्याची पद्धत जगभर नेली होती, आणि गरिबाच्या घरात मशीन येऊ शकले ते या हप्त्यांमुळे. तरीही ती मोठी खरेदी होती. एका वाडीत एक मशीन असे आणि चार घरांच्या बायका त्यावर पाळीपाळीने बसत. कापड पोर्ट लुईच्या गुजराती व्यापाऱ्यांकडून येई, किंवा सायकलवर गठ्ठे बांधून 'मार्सां लातवाल' दारात येई. पैसे पुढच्या पगाराला.

१९४८ साली साखर उद्योग कामगार कल्याण निधी स्थापन झाला. पुढे गावोगावी उभ्या राहिलेल्या कल्याण केंद्रांत मुलींसाठी शिवणवर्ग सुरू झाले. तिथे माप घेणे, कागदावर नमुना काढणे, खडूने खुणा करणे हे रीतसर शिकवले जाई. आईकडून डोळ्यांनी शिकलेले आणि केंद्रात पट्टी घेऊन शिकलेले, असे दोन प्रवाह एकत्र आले. आपल्या बोलण्यातही ते दिसते. आमच्या घरी सुईला 'झेग्वी', दोऱ्याला 'दिफिल' आणि कापडाला 'लातवाल' म्हणत, पण कुंची ही कुंचीच राहिली आणि गोधडी ही गोधडीच. जे बाहेर शिकलो त्याला बाहेरचे शब्द आले. जे आजीच्या मांडीवर बसून शिकलो त्याला मराठी शब्द टिकले.

कॉलरची गोष्ट

आता कॉलरविषयी. चोळीला कॉलर नव्हती, अंगड्याला नव्हती. ती आपल्याकडे आली फ्रॉकबरोबर, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या पोशाखातून. मळ्याच्या मालकांच्या मुली, कॉन्व्हेंटच्या शाळांतल्या मुली पांढरी गोल कॉलर लावत. फ्रेंचमध्ये तिला 'कोल क्लोदीन' म्हणतात. कोलेत या लेखिकेची क्लोदीन ही शाळकरी नायिका १९०० साली पुस्तकातून आली, नंतर रंगभूमीवर आली, आणि तिच्या वेषातली कॉलर तिच्या नावाने प्रसिद्ध झाली. भारतात त्याच घाटाच्या कॉलरला बेबी कॉलर म्हणतात.

ही कॉलर दिसायला सोपी आणि करायला अवघड. फ्रॉकच्या पुढच्या आणि मागच्या भागाचे कागदी नमुने खांद्याशी जुळवून ठेवायचे. गळ्याकडे ते टोकाला टोक जुळले पाहिजेत, पण बाहीकडे एकावर एक सुमारे एक सेंटिमीटर चढवायचे. मग गळ्याची रेषा उतरवून घ्यायची आणि तिच्यापासून चार-पाच सेंटिमीटर रुंद कॉलर आखायची. तो एक सेंटिमीटर चढवला नाही, तर कॉलर खांद्यावर मेल्यासारखी सपाट पडते आणि गळ्याची शिवण दिसते. चढवला, तर तिची बाहेरची कड किंचित आखूड होते, कॉलर जराशी उठते आणि शिवण आपोआप झाकली जाते. दोन थर उलटे शिवून झाले की गोलाईवर बारीक कातरे द्यायचे, नाहीतर सुलट केल्यावर कडेला चुण्या पडतात. शेवटी तिरप्या कापडाची पट्टी लावून ती गळ्याला जोडायची. झालर लावायची असेल तर कडेच्या दीडपट ते दुप्पट कापड घ्यावे लागते. ज्या बायकांना सही करता येत नव्हती त्या हे गणित दोरी आणि वीत यांनी करत, आणि ते चुकत नसे.

मग तिच्यावर शोभा चढे. कोणी साखळी टाक्याने वेल काढी, कोणी काजटाक्याने कड भरी, कोणी क्रोशाची दांतेल विणून लावी. पांढऱ्या कॉलरला कडकपणा आणायला मान्योकचा स्टार्च किंवा भाताची पेज असे. निखाऱ्याच्या 'कारो'ने, म्हणजे इस्त्रीने, ती दाबून बसवत.

इतके कष्ट एका कॉलरसाठी का? याचे व्यवहारी कारण आहे. कपडा सर्वांत आधी मळतो आणि विरतो तो गळ्याशी. कॉलर वेगळी करून टाचलेली असली, तर तेवढीच उसवून धुता येते. एका फ्रॉकला दोन कॉलरी असल्या की आठवडाभर एकच फ्रॉक घालणारी मुलगी रोज स्वच्छ दिसते. पुरुषांच्या सदऱ्याची कॉलर झिजली की तीही उसवून, उलटी करून पुन्हा शिवत, आणि सदरा आणखी दोन वर्षे चाले.

पण व्यवहारापलीकडेही एक कारण होते. मळ्यावरच्या माणसाकडे समोरचा आधी कपड्यांवरून पाही. शाळेच्या बाकावर साहेबाची मुलगी आणि मजुराची मुलगी शेजारी बसली, तर पायांकडे पाहून फरक कळे, कारण एकीच्या पायात बूट असत आणि दुसरी अनवाणी असे. गळ्याकडे पाहून मात्र तो कळू नये, यासाठी आई रात्र जागवत होती. काही जण म्हणतात की फ्रॉक आणि कॉलर ही आपली संस्कृती नव्हे, आपली ती नऊवारी आणि चोळी. मला हे पटत नाही. कुंचीची झालर ज्या हातांनी लावली त्याच हातांनी कॉलरची झालर लावली. आकार परका होता, टाका आपला होता. बेटावर येऊन आपण जे शिकलो तेही आपल्या वारशात धरले पाहिजे.

सुईने काय दिले, काय घेतले

एक गोष्ट मात्र गोड करून सांगू नये. शिवण हे अनेक मुलींना शाळेच्या बदल्यात मिळाले. "मुलीला शिकवून काय करायचे? शिवणकाम येऊ दे, म्हणजे पुरे," हे वाक्य आपल्या घरांत सर्रास बोलले गेले आहे. भावाचा गणवेश बहिणीने शिवला आणि शाळेत भाऊ गेला. १९७७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले तेव्हा हे चित्र खऱ्या अर्थाने पालटले. त्या वर्षांत गावोगावी मशीनवर रात्री गणवेश शिवले जात होते, आणि या वेळी त्यांत मुलींचे गणवेशही होते. स्वतः शाळा न पाहिलेल्या कितीतरी बायांनी आपल्या नातींच्या गणवेशाची कॉलर बसवून त्यांना शाळेत पाठवले. मराठी शिकवणाऱ्या आम्हा शिक्षिकांपैकी अनेकजणी त्याच नाती आहेत.

घरच्या शिवणाचे पैसेही क्वचितच मोजले गेले. शेजारणीचा ब्लाउज शिवला तर बदल्यात भाजी, अंडी, कधी नुसते "देव भले करो". मशीनवर बसणारी बाई घर चालवत होती, पण कामगार म्हणून तिची गणना कोणी केली नाही.

१९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला आणि बेटावर कापडाचे कारखाने उभे राहिले. लोक त्याला 'झोन फ्रांश' म्हणू लागले. तिथे गेलेल्या कामगारांत बायका बहुसंख्य होत्या, आणि घरी शिकलेला हात त्यांच्या उपयोगी पडला. लोकरी स्वेटर विणणाऱ्या कारखान्यांत स्वेटरला कॉलर जोडण्याचे काम वेगळे असे. गोल फिरणाऱ्या यंत्राच्या सुयांवर एकेक टाका बसवावा लागे, एक सुटला तर सगळे उसवे. डोळ्यांवर ताण, पायांना सूज, रात्री उशिराची बस. एक बाई दिवसभर केवळ कॉलरच जोडी, पूर्ण झालेला स्वेटर तिच्या हाती कधी येत नसे. घरी तीच बाई मापापासून काजापर्यंत अख्खा फ्रॉक करत होती. तरीही महिनाअखेरीस तिच्या नावाचे पाकीट येई. सुईच्या कामाला पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी मिळाली ती इथे, हे विसरता येणार नाही.

२००५ च्या आरंभी जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत संपली. त्याच्या आगेमागे बरेच कारखाने बंद झाले आणि हजारो बायका घरी परतल्या. काही जणींनी कोपऱ्यातले जुने मशीन पुसून पुन्हा उघडले. पण तोवर तयार कपडे स्वस्त झाले होते. आज माझ्या वर्गातल्या मुलांना सुईत दोरा ओवायला सांगितला, तर वीस मुलांत चार-पाच जणांना जमतो. बटण तुटले की शर्ट टाकून देतात.

आता काय करता येईल

सगळ्यांनी पुन्हा घरी कपडे शिवावेत असे मी म्हणणार नाही. वेळ कोणाला आहे? पण जे शिल्लक आहे ते जाऊ देऊ नये. आपल्या कपाटाच्या तळाशी एखादी कुंची, क्रोशाची कॉलर, भरतकामाची उशी किंवा गोधडी नक्की असेल. ती बाहेर काढा. साध्या साबणाने हलक्या हाताने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. ठेवताना स्टार्च करू नका, स्टार्चला कीड लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आपल्या दमट हवेत त्यात बुरशी धरते. धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा. टाचणी लावू नका, तिचा गंज कापडात उतरतो. वर्षातून एकदा उघडून हवा द्या आणि घडी बदला, नाहीतर घडीवरच कापड विरते.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारा. हे कोणी शिवले, कोणासाठी, कोणत्या गावात, कापड कुठून आले, मशीन कोणाचे होते. त्या "त्यात काय सांगायचे" म्हणतील. तरी विचारा. आपल्या संस्थेने पुढच्या चतुर्थीला मंदिराच्या सभागृहात एक टेबल मांडून अशा वस्तू एक दिवस लोकांसमोर ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. शाळेतली मुले त्यांच्यासाठी मराठीत चिठ्ठ्या लिहितील. ते काम मी आनंदाने करून घेईन.

चिठ्ठीत फार काही नको. शिवणारीचे पूर्ण नाव, तिच्या आईचे नाव, गाव आणि साल एवढे पुरे. करारावर त्या बायांचे अंगठे घेतले गेले. निदान त्यांनी शिवलेल्या कापडाशेजारी तरी त्यांचे नाव आपल्या अक्षरात लिहिलेले असावे.